रणगाडे पुढे गेल्यावर

लष्करी इतिहासात आमच्या जळकोटचे नाव एकदाच येते, तेही एका ओळीपुरते. तारीख १३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमाखालची फौज सोलापूरहून निघाली आणि पहाटे चारच्या सुमारास हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल सातव्या ब्रिगेडने शाबूत ताब्यात घेतला, शीख पलटणीने तिथली हैदराबादी ठाणी मोडून काढली आणि सकाळी नऊ वाजता चिलखती तुकडी जळकोटात आली. दुपारी सव्वातीनला ती उमरग्यात होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस चौधरींपुढे शरण आला.

माझे वडील तेव्हा गुरे राखायच्या वयाचे होते. रस्त्याच्या कडेला बाभळीआड उभे राहून त्यांनी ते रणगाडे पाहिले. धूळ किती उडाली, पायाखालची जमीन कशी हादरत होती, एका शिपायाने त्यांच्याकडे बघून हात कसा केला, हे ते म्हातारपणापर्यंत सांगत. पण रणगाडे येणेगूरच्या दिशेला दिसेनासे झाले की त्यांची गोष्ट संपायची. शाळेतला धडाही तिथेच संपतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणेही तिथेच संपतात. देशाच्या संरक्षणाविषयीचा आपला सगळा विचारच तिथे येऊन थांबतो, असे मला आता वाटते. फौज आली, जिंकली, पुढे गेली. मागे उरलेल्या गावांचे काय झाले आणि त्या फौजेतल्या शिपायाचे पुढे काय झाले, हा संरक्षणाचाच भाग आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. गावात मला मेजर म्हणतात. फौजेतून परतलेल्या प्रत्येकालाच आमच्याकडे मेजर म्हणतात. संरक्षणाचे धोरण पुरोगामी असावे असे मी म्हणालो की पारावरची माणसे चमकतात. त्यांना वाटते, मेजर आता फौज कमी करा म्हणणार, शत्रूशी गोडीत घ्या म्हणणार. बर्फात पहारा दिलेला माणूस असे म्हणू शकत नाही. फौज तगडी हवी, दारूगोळा भरपूर हवा, शिपायाच्या अंगावर चांगले कपडे आणि हातात चांगली रायफल हवी. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. फौज ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरच्या माणसाचा जीव, त्याचे घर आणि सरकारवरचा त्याचा भरवसा शाबूत राहिला तरच लढाई जिंकली असे मानणारे धोरण मला हवे आहे. आणि आपला पोरगा त्या फौजेत धाडणाऱ्या आईशी प्रामाणिक वागणारे.

आधी १९४८ बद्दल नीट बोलतो, कारण आमच्याकडे तो विषय निघाला की माणसे दोन बाजूंना जाऊन बसतात. फौज यायलाच हवी होती. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांचा जुलूम या पट्ट्याने भोगला आहे. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. आमच्या भागातली किती घरे रातोरात कुलपे लावून सोलापूर-बार्शीकडे, हद्दीपलीकडे निघून गेली. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे करार करून निजामाने वेळ काढला. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते, त्यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत गाठून ठार केले. हा मनुष्य मुसलमान होता आणि रझाकारांच्या हातून मेला, हे आमच्या भाषणांत क्वचितच येते. असल्या राजवटीला आवरायला बळ वापरावे लागले आणि ते वापरणे योग्यच होते. त्या फौजेतल्या शिपायांना माझा आजही सलाम आहे.

पण रणगाडे पुढे गेले आणि मागे गावे उघडी पडली. जुनी पोलीस व्यवस्था कोसळली होती आणि नवी उभी राहायची होती. सूड उगवला गेला तो मात्र शेजारच्या घरावर. ज्यांचा रझाकारांशी कधी संबंध आला नाही अशा साध्या मुसलमान कष्टकऱ्यांवर, त्यांच्या बायकापोरांवर. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना चौकशीला पाठवले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ पर्यंत ते संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. कारवाईत आणि तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. उस्मानाबाद म्हणजे आजचा आमचा धाराशिव, आणि लातूरही तेव्हा त्यातच होते. काही ठिकाणी फौजेतली आणि पोलिसांतली माणसेही लुटीत आणि हत्यांत सामील होती, असे त्या अहवालात लिहिले आहे.

गणवेश घातलेल्या माणसाला हे वाचवत नाही. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कागद बाजूला ठेवून शेतात निघून गेलो. नंतर परत वाचले, कारण त्याच अहवालात दुसरीही गोष्ट आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले. विणकरांनी विणकरांना वाचवले, आणि त्यात काही हिंदू विणकर स्वतः मेले. जनरल चौधरी हे जातीय आकस नसलेले, शिस्तीचे अधिकारी आहेत, असाही अभिप्राय त्यात आहे. म्हणजे अहवाल लिहिणारी माणसे फौजेवर दात धरून बसली नव्हती. जे दिसले ते त्यांनी लिहिले.

मी सेनापती नाही. पण हवालदाराला एक गोष्ट कळते: पूल घेतला की पुलावर पहारा बसवायचा असतो, नाहीतर घेतलेला पूल हातचा जातो. बोरीच्या पुलाबाबत ही दक्षता घेतली गेली. मागच्या गावांबाबत मात्र ती वेळेवर घेतली गेली नाही. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, डिसेंबर १९४९ पर्यंत राहिले, बाहेरच्या प्रांतांतून मुलकी अधिकारी आले, घडी बसत गेली. पण माणसे मेली ती रणगाडे गेल्यापासून अधिकारी स्थिरावेपर्यंतच्या मधल्या दिवसांत. दहा-पंधरा गावांमागे एक प्लाटून, एक तहसीलदार आणि लोकांना माहीत असलेला एक भला माणूस त्याच दिवशी मागे ठेवला असता तर किती जीव वाचले असते, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. कारवाईच्या नकाशावर ही माणसे पहिल्या दिवसापासून दाखवलेली असली पाहिजेत. संरक्षणनीती म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी आधी हे सांगेन.

आमच्या काळापर्यंत फौज यातले बरेच शिकली होती. काश्मिरात आम्हाला काय करायचे आणि काय करायचे नाही याची यादी पाठ असायची. झडती घ्यायची तर स्थानिक पोलीस बरोबर पाहिजे, गावातला एखादा वडीलधारा उंबऱ्याशी उभा पाहिजे, बायकांची झडती बाई पोलिसानेच घ्यायची. एकदा भल्या पहाटे एका घराची झडती झाल्यावर आमच्या सुभेदारसाहेबांनी घरातले धान्याचे पिंप जागेवर ठेवायला लावले, सांडलेला तांदूळ आम्हाला गोळा करायला लावला आणि घरमालकाकडून काही मोडले नसल्याची सही घेतली. मी तेव्हा नवा होतो. हाताची बोटे गारठलेली, मनात राग, आणि मी जमिनीवरचे तांदूळ वेचतोय. महिन्याभराने त्याच गल्लीतल्या एकाने आम्हाला वाटेत पुरलेल्या सुरुंगाची खबर दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नागा पीपल्स मूव्हमेंटच्या खटल्यात ही यादी फौजेवर बंधनकारक आहे असे सांगितले. काही लोकांना त्या निकालात फौजेचे हात बांधल्यासारखे वाटले. सुरुंगाची खबर मिळालेल्या माणसाला तसे वाटणार नाही. शिस्त आणि कायदा ही फौजेची ताकद आहे, आणि जिथे ती शिस्त मोडली गेली तिथे चौकशी आणि शिक्षा झाली पाहिजे. तसे झाले नाही तर त्याचा भार नियमाने वागलेल्या हजारो शिपायांवर पडतो.

इथे लपवाछपवीचा प्रश्न येतो. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो फायलीत पडून राहिला आणि अभ्यासकांच्या पुस्तकांतून थोडा थोडा बाहेर आला. आमच्या जिल्ह्याविषयीचा कागद, आणि आमच्याच जिल्ह्याला तो माहीत नाही. १९६२ च्या पराभवाचेही तेच. हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी त्या पराभवाची चौकशी केली. तेव्हा संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते आणि लष्करप्रमुख होते हेच जनरल चौधरी. यशवंतरावांनी १९६३ मध्ये लोकसभेत निष्कर्षांतला काही भाग सांगितला, पण मूळ अहवाल सरकारने आजवर खुला केलेला नाही. यशवंतरावांबद्दल मला नितांत आदर आहे. मोडून पडलेल्या फौजेला त्यांनी पुन्हा उभे केले. पराभव ताजा असताना अहवाल झाकला हेही समजू शकतो. पण साठ वर्षांनंतर त्यात कोणते गुपित उरले आहे?

याउलट कारगिल बघा. जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेपुढे आला. काही मजकूर वगळला होता, पण बाकीचा कुणालाही वाचता आला. गुप्तवार्ता कुठे कमी पडली, तिन्ही दलांत मेळ कुठे नव्हता, हे त्यात लिहिले होते. त्यातून पुढे संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, तांत्रिक संशोधनाची संघटना आली आणि बऱ्याच उशिराने, २०२० मध्ये, संरक्षण दलप्रमुखाचे पद आले. आपली चूक लोकांसमोर मांडल्याने फौज कमकुवत झाली नाही, उलट तिची दुरुस्ती झाली. त्या अहवालातली आणखी एक शिफारस मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुढे येतो.

रणगाडे पुढे गेल्यावरही सरकार मागे थांबू शकते, हे आमच्या भागाने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. मी रजेवर घरी होतो. गणपती विसर्जनाची रात्र, पहाटे चारला जमीन हलली. उजाडता उजाडता सास्तूर-किल्लारीकडची बातमी आली आणि आम्ही मिळेल त्या ट्रकमध्ये चढून सास्तूरला गेलो. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद, अशी आमच्या भागातली घरे. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्ही त्यांचे कौतुक करायचो. त्यांनीच माणसे दाबून मारली होती. फौज आली तेव्हा जवान कुदळी-फावडी घेऊन ढिगाऱ्यावर चढले. मी गणवेशात नव्हतो, तरी एका नाईकाने माझी चाल बघून ओळखले आणि हातात पहार दिली. त्या ढिगाऱ्यात एका घराचा फक्त कोनाडा उभा होता आणि कोनाड्यात पितळी समई.

फौज काही आठवड्यांनी गेली. या वेळी मागे गावे उघडी पडली नाहीत. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले आणि ती वसवली गेली. जमिनीनुसार अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली. जिथे गाव हलवायचे नव्हते तिथे घरे दुरुस्त आणि मजबूत करायची योजना आली, आणि गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले. कधी घराबाहेर न पडलेल्या बाया सिमेंटचे प्रमाण तपासायला लागल्या, अभियंत्याला प्रश्न विचारायला लागल्या. उणिवा होत्या. नव्या गावांचे रस्ते इतके रुंद की म्हाताऱ्या माणसाला शेजारी जाणे नकोसे व्हावे. वाटपात तक्रारी झाल्या, काहींनी घराला कुलूप लावून शेतात खोपटे बांधली. पण सरकार दहा दिवसांत निघून गेले नाही, वर्षानुवर्षे राहिले. १९४८ मध्ये जे मिळाले नाही ते १९९३ मध्ये मिळाले, आणि त्याला पैसा लागला, माणसे लागली, आधी ठरवलेले आराखडे लागले. देशाची सुरक्षा म्हणजे यातलेच काहीतरी, असे मला त्या वेळी पहिल्यांदा वाटले.

आता अलीकडचे बघा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यांत सहा महाराष्ट्राची होती. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झाले. त्या दिवसांत देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी घ्यायचे ठरले. महाराष्ट्रात सोळा ठिकाणे निवडली, बहुतेक बंदरे, कारखाने आणि मोठी शहरे. आमचा जिल्हा त्यात नव्हता. प्राधान्य कुणाला द्यायचे ते मला समजते. पण मी ग्रामपंचायतीत विचारले, समजा भोंगा वाजला तर कुणी काय करायचे? कुणालाच सांगता आले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस कोसळला आणि परंडा तालुक्यात पुराने वेढलेली माणसे काढायला हेलिकॉप्टर आणावे लागले. आमच्या जिल्ह्याला आम्ही दुष्काळी म्हणतो. होडी कशी बांधायची, दोर कसा टाकायचा हे इथे कुणाला येत नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरण कागदावर आहे, पण गावात प्रशिक्षण घेतलेला माणूस नाही. पंजाबच्या सीमेवरचा गोळा आमच्यापर्यंत येणार नाही हे खरे, पण सोयाबीन, जनावरे, घर आणि माणूस वाहून जातो तेव्हा त्या घराच्या दृष्टीने देश हरलेला असतो.

आणि याच ठिकाणी मला माझ्याकडे फौजेच्या भरतीची तयारी करायला येणारी पोरे दिसतात. पहाटे पाचला महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर ती जमतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत. दोन लिंबांच्या झाडांमध्ये पाण्याचा जुना पाइप बांधून आम्ही बीम केला आहे, बांधाला लागून नऊ फुटी खड्डा खणला आहे. भरती पुण्याच्या कार्यालयाकडून निघते, आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक पोरगा आहे. आई-बाप सहा महिने कारखान्याच्या तळावर, हा आजीपाशी. पाच मिनिटे बेचाळीसवर अडकला होता. हिवाळाभर मी त्याला उतारावर पळवले. ज्या दिवशी साडेपाचच्या आत आला त्या दिवशी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेल्या अवस्थेतच त्याने विचारले, “मेजर काका, चार वर्षांनी काय करायचं?”

मला उत्तर देता आले नाही. मला पेन्शन आहे. त्यावर माझ्या मुलीचे शिक्षण झाले, आईचे ऑपरेशन फौजेच्या दवाखान्यात झाले. या पोराला यातले काही मिळणार नाही. जून २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीर म्हणून चार वर्षांची नोकरी आहे, चारांतला एक जण कायम होऊ शकतो, बाकीचे तिघे घरी. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवा निधीत कापले जातात आणि सरकार तितकेच घालते. जाताना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर सियाचिनला कर्तव्यावर असताना गेला. त्याच्या घरच्यांना विम्याची आणि सानुग्रह रक्कम मिळते, ती लहान नाही. पण त्याच बंकरमधल्या कायम शिपायाच्या विधवेला किंवा आईला जे कुटुंब निवृत्तिवेतन जन्मभर मिळते ते यांना नाही. बर्फ दोघांना सारखाच असतो. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेच २०२४ मध्ये सांगितले आहे की कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला कायम शिपायाच्या बरोबरीने लाभ द्यावेत. तेवढे तरी आजच्या आज व्हावे.

पैशाची बाजू मला कळते. २०२५-२६ मध्ये संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले, त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनसाठी होते. ती पेन्शन मीही घेतो. फौज तरुण हवी हेही खरे आहे. चाळिशीतल्या माणसाला अठरा हजार फुटांवर पाठवू नये. पण फौज तरुण हवी असे ठामपणे सांगणाऱ्या कारगिल समितीने काय म्हटले होते? शिपायाची नोकरी सात ते दहा वर्षांची ठेवा आणि त्यानंतर त्याला निमलष्करी दलांत घ्या. म्हणजे शिपाई पुढे कुठे जाईल याचा विचार त्या शिफारशीच्या आतच होता. आपण मुदत आणखी कमी केली आणि पुढच्या नोकरीचा भाग सैल सोडला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत दहा टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा झाली, राज्यांनीही आश्वासने दिली. पण आश्वासन वेगळे आणि नेमणुकीचा आदेश वेगळा. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी शस्त्र चालवता येणारी, शिस्त शिकलेली पोरे गावात येणार, आणि काम नसेल तर त्यांना कोण कामाला लावेल याचा विचार कुणी केला आहे का? वसुलीवाले, वाळूवाले, निवडणुकीतले भाऊ-दादा अशा पोरांच्या शोधातच असतात. ज्याला अंतर्गत सुरक्षा म्हणतात तिचा प्रश्न इथे उभा राहतो.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेली. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात. मी ग्रामसभेसाठी एक ठराव लिहिला आहे. परत येणाऱ्या प्रत्येक अग्निवीराला, त्याची इच्छा असल्यास, पगारी नोकरीवर जिल्हा आपत्ती दलात घ्यावे. प्रत्येक तालुक्याला अशी एक तुकडी असावी, होडी, दोर, जनरेटर आणि प्रथमोपचाराच्या साहित्यासह. ती गावोगावी जाऊन पंचवीस-तीस बाया-माणसांना शिकवेल, आणि दंगलीच्या अफवा उठतील तेव्हा दोन्ही मोहल्ल्यांत ओळखीची असेल. भरतीच्या जाहिरातीतच चार वर्षांनंतरची नोकरी लिहिलेली असावी. अग्निवीराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळावे. आणि सुंदरलाल समितीचा अहवाल राज्य सरकारने मराठीत छापून मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवावा, रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदींसह, एकाच पुस्तकात. या शेवटच्या मुद्द्यावर गावातल्या काही मित्रांनी मला विचारले, कशाला जुने उकरता? मी त्यांना सांगितले, शोएबुल्ला खान आणि ते विणकर यांची नावे आपल्या पोरांना माहीत नाहीत, आणि फोनवर येणारे विष मात्र ती रोज वाचतात. त्यांतलेच एखादे पोर उद्या बंदूक घेऊन कुणाच्या तरी उंबऱ्याशी उभे राहणार आहे.

सरपंचांनी ठराव विषयपत्रिकेवर घ्यायचे कबूल केले आहे. नळदुर्ग, अणदूर, येणेगूर, दाळिंब आणि उमरगा इथल्या माजी सैनिकांनी आपापल्या गावात तो मांडावा अशी माझी विनंती आहे. मसुदा जळकोटच्या ग्रामपंचायतीत ठेवला आहे, त्याची प्रत कुणीही घेऊन जावी. कुणाला एखादे कलम पटत नसेल तर ते खोडून आपले लिहावे, पण अग्निवीरांच्या नोकरीचे कलम खोडू नये.